आत्याची चूल आणि माझं धुराडं

आमच्या स्वयंपाकघरात धूर इतका असायचा की मांजर आणि उंदीर समोरासमोर धडकत आणि काही न बोलता आपापल्या वाटेने जात. पाहुणा आत आला की आत्या त्याला खोकल्यावरून ओळखायची. चेहऱ्याची गरजच पडत नसे. म्हणून तिच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला हे आम्हाला फार उशिरा कळलं. घरात आम्ही दोघंच. मला वाटायचं, मला दिसत नाही तेवढंच तिलाही दिसत नाही.

ऑपरेशन झालं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तिला काळा चष्मा चढवला आणि बजावलं, "आजी, चूल बंद. गॅस आहे ना घरी?"

"आहे. चहाला."

"आठ दिवसांनी डोळा पुन्हा बघणार. धुराने लाल झालेला दिसला, तर चूल फोडायला मी स्वतः येईन."

परतताना एसटी लांज्याला आल्यावर आत्या म्हणाली, "चूल गेली तर माझं जेवण गेलं समज."

दुसऱ्या दिवशी मी गॅसवर भाकरी केली. पडवीत काळा चष्मा लावून बसलेल्या आत्याने ती बोटांनी चाचपली. "हिला भाकरी म्हणत असशील, तर कौलाला पापड म्हण, मेल्या." आणि पेज पिऊन आडवी झाली. तिसऱ्या दिवशीही पेज. तेव्हा मी ठरवलं, चूल ठेवायची आणि धूर घालवायचा.

लांज्याहून लोखंडी चूल आणली. मागच्या बाजूला नळी जोडायला गोल तोंड असलेली, वजनाला रेड्याएवढी. चौघांनी उचलली, मी सांगताना दोघांनी म्हणतो, त्यातला एक मी. धुराडं बसवायला पत्रेवाले मिस्त्री बोलावले. त्यांनी घातलेल्या छपरातून पावसाला आत यायचं असेल, तर तो आधी दार वाजवतो, अशी त्यांची ख्याती.

पत्र्याच्या नळीचे चार तुकडे होते. प्रत्येकाचं एक तोंड वायच अरुंद, म्हणजे एकात एक बसावं. मिस्त्रींनी विचारलं, "वरचा तुकडा खालच्यावर टोपीसारखा बसवू ना?"

"हे काय विचारणं झालं मिस्त्री?"

चार महिने आभाळ ज्यांच्या छपरावर मुक्कामाला असतं, त्यांना दुसरं काही सुचतच नाही. कौल, पत्रा, पन्हळ, सगळीकडे वरचं खालच्यावर. आमच्याकडे मूल रांगायच्या आधी हे शिकतं. शिवाय वाऱ्याने हलू नये म्हणून मिस्त्रींनी नळी छपराच्या लाकडी वाशाला तारेने आवळून बांधली. गलबत बांधावं तशी.

चौथ्या दिवशी चूल पेटवली. धूर शाळा सुटल्यासारखा वर पळाला. मी पडवीत जाऊन आत्यापुढे भाषण केलं, त्यात विज्ञान होतं, कोकणचं भवितव्य होतं. ती म्हणाली, "भाकरी आण."

भाकरी आणली. तिच्यावर काळा ठिपका होता. काकवीसारखा चिकट. दुसरा थेंब माझ्या मानेवर पडला. वर बघितलं, तर नळीचा प्रत्येक सांधा गळत होता. पावसात ओली झालेली सोडणं मी चुलीत घातली होती, नारळाची. त्यांचा ओला धूर वर जाताना नळीत थंड होत होता आणि त्याचं डांबर होऊन खाली उतरत होतं. मिस्त्रींनी सांध्यांना लांबी फासली, फटी बुजवायची. तीही जळली आणि असा वास सुटला की शेजारचा कुत्रा गाव सोडून गेला. संध्याकाळी परत आला, पण नाराज होता.

"वाकडा पाऊस आत शिरतो असणार," मिस्त्री म्हणाले. बाहेर लख्ख ऊन होतं.

तेवढ्यात पडवीतून आत्या ओरडली, "अरे, लाकूड करपतंय कुठेतरी!"

मिस्त्रींनी वाशाला हात लावला आणि तसाच मागे खेचला. नळी टेकलेल्या जागी वासा काळा पडला होता. मी बादलीभर पाणी चुलीत ओतलं. चूल वाचवायच्या नादात मी घर पेटवत होतो, हे तिघांनाही कळलं होतं.

मग पडवीतूनच आत्या म्हणाली, "बाटलीत तेल भरताना नरसाळं कुठे घालता रे?"

"बाटलीत."

"म्हणजे आत ना? बाटली नरसाळ्यात नाही घालत? मग हे डांबर नळीच्या आतून खाली येतंय, तर वरचा तुकडा खालच्याच्या आत नको? पाऊस बाहेरचा असतो, हा आतला आहे."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, मी मिस्त्रींकडे. सल्ला कोणाचा होता हे दोघंही त्याच क्षणी विसरलो.

सगळे तुकडे उलटे केले. वरच्याचं अरुंद तोंड खालच्यात घातलं आणि प्रत्येक सांध्याला तीन-तीन स्क्रू मारले. वासा कापून आडव्या लाकडावर पेलला, नळीभोवती चारी बाजूंनी हातभर जागा मोकळी सोडली आणि ती पत्र्याने झाकली. छपराच्या वर मात्र पाणी अडवणारी पत्र्याची कॉलर आणि टोपी मिस्त्रींच्या रिवाजाने, वरचं खालच्यावर. तिथे पाऊस खरोखर बाहेरचा होता. ओली सोडणं माळ्यावर गेली, सुकं लाकूड खाली आलं.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी चष्मा काढला. बॅटरी मारून खूप वेळ बघितलं.

"उत्तम! चूल बंद केलीत तर."

"चूल नाही. धूर बंद केला."

डॉक्टरांचा चेहरा आधी रागावला, मग विचारात पडला. दार लोटून ते हळूच म्हणाले, "दाभोळला माझी आईही ऐकत नाही. नेमकं कसं बसवलंत?"

मी छाती काढून त्यांच्याच कागदावर नळीचं चित्र काढलं आणि सगळा शोध माझाच असल्यासारखं समजावलं. आत्या बघत होती. आठ दिवसांत पहिल्यांदाच काही नीट बघत होती.

"अहो डॉक्टर," ती म्हणाली, "याने उलटं काढलंय," आणि माझ्या हातातलं पेन घेतलं.