गिरिधर जिथे जेवायचा

गिरिधर सोनकुसरेबरोबर खायला जाणं म्हणजे भूक मारायचा खात्रीचा उपाय होता. मी तो उपाय अकरा वर्षं केला, तरी माझं पोट आत गेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आम्ही दोघं विणकरांच्या एका सोसायटीत नोकरीला होतो. मी सूत वाटायचो, तो विणून तयार झालेली लुगडी तपासायचा. सायकली काढायच्या, इतवारी, पाचपावली, गोळीबार चौक असं फिरायचं, माग असलेल्या घरात शिरायचं. गिरिधर लुगडं उजेडासमोर धरायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "हे इथं काय झालं गा?" विणकर शपथेवर सांगायचा की काही झालेलं नाही. पण झालेलं असायचंच. कुठे धागा सुटलेला, कुठे काठ ओढलेला. त्याची नजर कधी चुकली नाही आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. लुगड्यात चुकत नाही ती नजर वरणातही चुकणार नाही, असं त्याला वाटायला लागलं.

आम्ही कोष्टी. आमच्या घरच्या सावजी रश्शाचं नाव नागपूरभर. त्यातही गिरिधरच्या आईनं मटण शिजवलं की आमच्या गल्लीतली माणसं काही ना काही निमित्त काढून तिच्या दारात उभी राहायची. मीही राहायचो. आई गेली आणि पुढच्याच वर्षी, एकोणीसशे अडुसष्टच्या सुमारास, गिरिधरनं महानुभाव पंथाचा उपदेश घेतला. मांस सुटलं. दुसऱ्या देवाचा प्रसादही सुटला, त्यामुळे ऑफिसात कोणी पेढा पुढे केला की तो आधी विचारायचा, "कोणत्या देवाचा?" दुकानातून आणला म्हटलं तरी कागद पाहायचा. हे मी समजू शकतो. ज्याचा नेम त्याला. पण नेम पाळायला जगातल्या प्रत्येक आचाऱ्याला चोर समजावं लागतं का?

सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर मी पहिला घास घ्यायच्या बेतात असायचो आणि हा ठेल्याच्या मागच्या बाजूला गेलेला असायचा. "ही तर्री कशाची?" हरभऱ्याची. "अन् तो झाकलेला गंज कशाचा?" पाण्याचा. "उघडून दाखव." तो माणूस बिचारा पातेलं उघडून दाखवायचा. सीताबर्डीवर सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, खायला गेलो तर कढईतलं तेल कालचं की आजचं, त्यात आधी काय तळलं, झारा घरी नेता की इथंच ठेवता, इतकी चौकशी व्हायची. तोवर माझी वडी थंड. एका कचोरीवाल्यानं तर आमच्या सायकली लांबून दिसल्या की दुकानाची फळीच लावून घ्यायला सुरुवात केली.

मी चिडायचो. "अरे, खाऊन तर पाय एकदा!"

"नानाजी, खाल्ल्यावर पाहून काय फायदा?" तो म्हणायचा. मला आणखी राग यायचा.

पण याच्या संशयाला हळूहळू बाजारात भाव आला. लकडगंजात लाकडाच्या वखारी, म्हणजे टाली, आरागिरण्या, धान्याची दुकानं, आणि तिथले मुनीम-दिवाणजी बहुतेक कांदालसणालाही बिचकणारे. घर लांब, दुपारी जेवायचं कुठं हा त्यांचा रोजचा प्रश्न. त्यातल्या गुलाबचंद मुनीमनं एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "गिरिधरभाऊ जिथं बसून खातो ना, तिथं आपण डोळे मिटून खायचं." त्या दिवसापासून गिरिधर दोन बोटं उंच झाला.

सिंधूताईची खानावळ अशीच चालली. आरागिरणीत कामाला असलेला तिचा नवरा गेला, तेव्हा टालीमागच्या गल्लीतल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत तिनं चार पाट मांडले. भाकर, भाजी, वरण-भात, शनिवारी वडाभात. लहान चणीची, कमी बोलणारी बाई. पहिल्या दिवशी गिरिधर स्वयंपाकघरात गेला आणि पाव तास बाहेरच आला नाही. आला तो नुसता म्हणाला, "बसा." असं त्यानं दुसऱ्या कुठल्याही जागेबद्दल माझ्या देखत म्हटलेलं नाही. आमची लकडगंजातली फेरी गुरुवारी असायची. दर गुरुवारी तिथं गोळाभात किंवा कढी-भाकर मिळायची, सौम्य, साधी. गिरिधर जेवून हात धुताना कधी कधी गुणगुणायचा. वर्षभरात चार पाटांचे बारा झाले, दोन पंगती बसायला लागल्या, गुलाबचंद आपल्याबरोबर नवी माणसं आणायला लागला.

मग त्र्याहत्तर सालच्या पौषात एका सोमवारी आम्ही तिथं गेलो. एका विणकराचं लुगडं परत करायचं होतं, भलत्याच वेळी लकडगंजात पोचलो आणि भूक लागली. सिंधूताई पाणी भरायला गेली होती. तिची नणंद चंद्रकला वाढत होती. तिनं आमच्या पुढ्यात भाकर ठेवली आणि पाटोडीचा रस्सा वाढला. बेसनाच्या वड्या, वर लाल तवंग, खाली काळपट दाट रस्सा. वास असा की मी गिरिधरची तपासणी व्हायच्या आतच घास मोडला.

गिरिधरनंही मोडला. आणि तो घास तोंडात तसाच ठेवून बसला.

मी त्याचा चेहरा कधी विसरणार नाही. आधी तो एकदम पोरासारखा झाला, आणि मग लाल. त्यानं घास बाहेर काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि उठला.

"याच्यात मटण आहे."

बारा माणसं जेवत होती. बाराही हात थांबले.

"भाऊ, बेसन आहे गा ते," चंद्रकला घाबरून म्हणाली.

"वड्या बेसनाच्या आहेत. रस्सा कशाचा आहे? मले शिकवू नको. मी सावजी घरचा पोरगा आहे. ही चव मले माहीत नाही तर कोणाले माहीत?" तो आत गेला, रश्शाचं पातेलं पळीनं तळापर्यंत ढवळलं. हाडूक निघालं नाही, काही निघालं नाही. तरी त्याचं समाधान होईना. "दर गुरुवारी काय असते? कढी. गोळाभात. अन् सोमवारी हे! आमी येतो त्या दिवशी एक गंज चढते, येत नाही त्या दिवशी दुसरा. काहून?"

हा प्रश्न ऐकला आणि खरं सांगतो, मीही हिशेब करायला लागलो. खरंच, गुरुवारीच कढी का? दोन वर्षांत एकदाही पाटोडी कशी नाही? संशय असाच असतो, आधी आपण त्याला हसतो आणि मग सरकून जागा देतो.

तेवढ्यात सिंधूताई घागर घेऊन दारात आली. गिरिधरनं तोच प्रश्न तिला विचारला. तिनं पाटोडीकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं, घागर खाली ठेवली.

"मटण नाही त्याच्यात, गिरिधरभाऊ. लेकराची शपथ घेऊन सांगतो."

"मंग ही चव कुठून आली? गुरुवारी हे काहून नाही बनवत?"

 तिनं पदर तोंडाशी धरला आणि एक शब्द बोलली नाही. बोलायला काही नसतं तेव्हाच माणूस असा गप्प बसतो, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. गुलाबचंद उठला. तोंडातला घास त्यानं दारातल्या नालीत थुंकला, दोनदा चूळ भरली. मग एकेक करून सगळे उठले. मीही उठलो. माझं ताट अर्धं भरलेलं होतं आणि ती पाटोडी मला अजून हवी होती, तरी उठलो. याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवसापासून खानावळीत कुत्रं फिरकलं नाही. लकडगंजात बातमी आगीसारखी गेली, आणि जाताना वाढत गेली. कोणी म्हणे हाडं सापडली, कोणी म्हणे बाई रोज पहाटे खाटकाकडे जाते. गुलाबचंद तर गंगेवर जाऊन आला.

आठ-दहा दिवसांनी मी गिरिधरच्या घरी गेलो होतो. तो पंधराव्यांदा तीच हकिकत सांगत होता, उत्साहानं, एखादं फसवं लुगडं पकडल्यासारखी. त्याची बायको कुसुमावती चुलीपाशी बसली होती. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं, कारण हॉटेलातल्या गोष्टी घरी सांगायची त्याला सवय नव्हती.

"कोण सिंधूताई?" तिनं विचारलं. "टालीमागची?"

"तुले कशी माहीत?"

कुसुमावती उठली. 

"तो मसाला माहा आहे," ती म्हणाली. "मी देतो तिले. दोन वर्षं झाले."

गिरिधरला काही कळेना. मलाही कळेना. मग तिनं सांगितलं. उपदेश घेतला त्या दिवशी गिरिधरनं आईच्या हातचा काळ्या मसाल्याचा डबा नाग नदीत रिकामा केला होता. ती म्हणाली होती, याच्यात धने आहेत, खसखस आहे, दगडफूल आहे, मांस कुठं आहे? तो म्हणाला होता, याचा वासच मटणाचा आहे, पुन्हा घरात दिसला नाही पायजे.

"तुमाले कसं कळणार?" कुसुमावती म्हणाली. "तुमी जन्मभर तो मसाला मटणातच खाल्ला. तुमच्या जिभेले तो अन् मटण एकच. पण सासूबाईनं मरायच्या आधी मले बसवून शिकवला होता. एकटीले. मी माहेरी जाऊन भाजत होतो, कुटत होतो. सिंधूबाई तिथल्याच गल्लीतली; तुमी गुरुवारी तिच्याकडं जेवता, हे तिच्याकडूनच कळलं. सिंधूबाईले म्हटलं, माहा माणूस गुरुवारी येते, त्या दिवशी नको टाकू. अन् कोणाले सांगू नको. तिनं शब्द देला होता."

म्हणून ती बाई गप्प बसली होती. एक वाक्य बोलली असती तर खानावळ वाचली असती. आणि आम्ही त्या गप्प बसण्याला पुरावा समजलो होतो.

 गिरिधर एकदम म्हणाला, "ते मटण नव्हतं. ते आईचं होतं." आणि माझ्यासमोर, बायकोसमोर, ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लकडगंजात गेला. मी बरोबर होतो. त्यानं टालीवर, आरागिरणीवर, धान्याच्या दुकानात, प्रत्येक मुनिमासमोर उभं राहून सांगितलं की चूक माझी झाली, मसाला माझ्याच घरचा आहे, त्यात काही नाही. सगळ्यांनी ऐकून घेतलं. गुलाबचंदनं चष्मा पुसला.

"ठीक आहे, भाऊ. बेवा बाई आहे, तुम्हाले दया आली. समझ में आता है."

"दया नाही गा! खरं आहे!"

"तेव्हा खरं होतं का आता खरं आहे?" गुलाबचंद म्हणाला. 

महिनाभर तो रोज दुपारी सिंधूताईच्या दारात, रस्त्यावरून दिसेल असा, एकटा जेवत बसला. लोक येता-जाता पाहायचे. कुसुमावतीही दोनदा येऊन त्याच्याशेजारी जेवली. पण लोकांनी शोधून काढलं की बाईनं त्याला काही तरी खाऊ घालून वश केलंय. होळीच्या आधी सिंधूताईनं पाट उचलले.

प्रताप नगरात तेव्हा नवे प्लॉट पडत होते, घरं बांधली जात होती. गवंड्या-सुतारांना जेवण लागायचं, आणि त्यांना लकडगंजाची भानगड माहीत नव्हती. तिथं एका पत्र्याखाली तिनं पुन्हा चूल मांडली. कुसुमावती आता उघडपणे, आपल्याच घरी मसाला कुटायची, आणि दर गुरुवारी गिरिधर त्याचा डबा सायकलच्या कॅरियरला बांधून अख्खं शहर ओलांडून न्यायचा. एका गुरुवारी मीही गेलो.

त्यानं डबा दिला, पाटावर बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "ताई, पाटोडी वाढ."

सिंधूताई पळी हातात घेऊन उभी राहिली. रागावलेली दिसत नव्हती.

"आधी आत येऊन पाहून घ्या, भाऊ."

"नाही पाहत, ताई. माहा विश्वास आहे."

"माहा नाही," ती म्हणाली. "पाहून घ्या, मंग वाढतो."

गवंडी जेवत होते. गिरिधर उठला, चुलीपाशी गेला, एकेक झाकण उघडून पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. परत येताना त्याचे डोळे भरले होते. तिनं भाकर वाढली, रस्सा वाढला, कांदा ठेवला. परतताना तो मला म्हणाला की दर गुरुवारी असंच असतं, आणि पुढच्या गुरुवारी येशील का विचारलं. मी नाही म्हणालो. अर्ध्या ताटावरून मीही उठलो होतो, आणि त्याला दर गुरुवारी झाकणं उघडताना बघणं मला सोसलं नसतं.