घड्याळात दुपार, फोटोत सकाळ

वसई पूर्वेला औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी आमच्या लाइनवर कॅमेरा आला. पट्ट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक बाटलीचा त्याने फोटो काढायचा, केबलमधून कॉम्प्युटरला पाठवायचा, आणि झाकण तिरकं असेल तर लाल दिवा लागायचा. दिवा लागला की पट्ट्यापाशी बसलेल्या बाईंनी ती बाटली उचलून बाजूला ठेवायची.

पहिल्याच आठवड्यात फोटो गळायला लागले. बाटल्या सलग जात असायच्या आणि मधल्या काहींचे फोटोच नसायचे. मी केबल बदलली, कॅमेऱ्याचा वेग कमी केला, सगळं पुन्हा पुन्हा बंद-चालू केलं. सप्लायरकडचे इंजिनिअर फोनवर गोड आवाजात सांगायचे, "मॅडम, आमच्याकडे एकही फ्रेम ड्रॉप होत नाही. तुमचं नेटवर्क बघा." नेटवर्कवाला म्हणायचा, कॅमेरा बघा. मी दोघांच्या मध्ये, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, घामाघूम.

शेवटी सापडलं ते असं, की गेटचे आणि गोडाउनचे सीसीटीव्हीही माझ्या कॅमेऱ्याच्याच नेटवर्क स्विचवर, म्हणजे केबल एकत्र येतात त्या डब्यावर, जोडलेले होते. मॅनेजर केबिनमध्ये ते सगळे एकदम उघडून बसले की त्या एका वाटेवर गर्दी व्हायची आणि माझे फोटो अडकून हरवायचे. मी कॅमेऱ्यापासून थेट कॉम्प्युटरपर्यंत वेगळी केबल ओढली. गळती थांबली. त्या संध्याकाळी मनवेलपाड्याला घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "सुटले एकदाची."

कुठली सुटतेय. काही दिवसांनी एका दुकानातून तिरक्या झाकणाची बाटली परत आली. मॅनेजरांनी ती बाटली भरली त्या दिवसाचे साठवलेले फोटो उघडले. एका फोटोत तिरकं झाकण होतं आणि कोपऱ्यात सकाळच्या पाळीची वेळ. सकाळी पट्ट्यापाशी पाचूबंदरच्या एक बाई बसायच्या. त्यांना मेमो मिळाला, दिवा लागूनही बाटली सोडली म्हणून.

त्या मेमो घेऊन तडक माझ्याकडे आल्या.

"मॅडम, दिवा लागला अस्ता तं मी हात घातलाच अस्ता. मी काय डोले मिटून बसते?"

मला त्यांचं खरं वाटत होतं, पण दाखवायला हातात काही नव्हतं. मी केबिनमध्ये गेले. मॅनेजर म्हणाले, "फोटोवर वेळ छापलीय. कॅमेऱ्याचं त्यांच्याशी काही वैर आहे का?"

मी पुन्हा सप्लायरला फोन लावला. वेळ चुकू शकते का? "शक्यच नाही, मॅडम."

मग एका दुपारी मी कॉम्प्युटरपाशी उभी असताना लाइट क्षणभर गेली आणि आली. आमच्याकडे हे नेहमीचंच. कॉम्प्युटर यूपीएसवर होता, तो चालूच राहिला. कॅमेरा मात्र बंद पडून पुन्हा सुरू झाला. पहिला फोटो आला आणि मी बघतच राहिले. कोपऱ्यात सकाळची वेळ!

मी मनगटावरचं घड्याळ काढून सरळ पट्ट्यावर ठेवलं. फोटोत माझं घड्याळ दुपार दाखवत होतं आणि कोपऱ्यातले आकडे सकाळ.

तेव्हा उलगडा झाला. कॅमेरा सुरू झाल्यापासूनचे सेकंद मोजतो आणि सॉफ्टवेअर ते सकाळच्या सुरुवातीच्या वेळेत मिळवतं. कॅमेरा मध्येच बंद पडला की त्याचा आकडा शून्यावर येतो, सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताच नसतो, म्हणून दुपारची बाटली सकाळची ठरते. वर असा फोटो आला की सॉफ्टवेअर समजायचं, ही बाटली केव्हाच पुढे गेली, आणि दिवा लावायचंच नाही. म्हणजे ती परत आलेली बाटली दुपारची होती, आणि तिच्यासाठी दिवा सकाळी लागला नव्हता आणि दुपारीही नाही.

मी मॅनेजरांना बोलावून आणलं, त्यांच्यासमोर कॅमेऱ्याची पिन उपटली, परत लावली, घड्याळ पुन्हा पट्ट्यावर ठेवलं. त्यांनी घड्याळातली वेळ आणि कोपऱ्यातले आकडे दोन्ही वाचले. मग म्हणाले, "ठीक आहे, मेमो रद्द करू."

सप्लायरना कळवलं तर ते म्हणाले, "हो मॅडम, लाइट गेली की तसं होतं. सॉफ्टवेअर एकदा रीस्टार्ट करत जा." इतके दिवस हे त्यांना ठाऊक होतं! मी फोन ठेवला, नाहीतर तोंडातून काय गेलं असतं कोण जाणे. कॅमेराही मग यूपीएसवर घेतला.

बाईंनी मात्र पॅकिंगला बदली मागून घेतली. मी मॅनेजरांना म्हटलं, "सर, तुम्ही एकदा त्यांच्याशी बोला ना. एक शब्द तरी."

"मेमो फाडला ना? आता अजून काय?"

मग मीच गेले पॅकिंगमध्ये. त्या खोक्यांना टेप लावत होत्या. मी म्हटलं, "परत या ना लाइनवर. आता नीट चालतंय."

"तुमी खरं शोधून काडलं, बरं झालं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पन त्या दिव्याकडं बघत बसनं आता मना नाय जमनार."

त्यांनी पुढचं खोकं ओढलं. मी लाइनवर परत आले.