पिशवीखालचा पेपर

नर्सिंग कॉलेजच्या बाई शिकाऊ मुलींना घेऊन लालबागला आमच्या चाळीत घरोघरी तपासणीला यायच्या. दार सताड उघडं असलं तरी विचारायच्या, "येऊ का आत?" मग लादीवर पेपर पसरून त्यावर पिशवी ठेवायच्या आणि हात धुवायच्या. तेव्हा माझ्या नाकावर राग.

"लादी आत्ताच पुसलीय हो बाई! आमचं घर घाण वाटतं काय?"

"घर नाही हो. आमची पिशवी दहा घरं फिरते. इथलं तिथे जायला नको."

पुढे त्या हेच शिकवायला परदेशी गेल्या. इकडे मी शहाणी चाळभर त्यांची नक्कल करून हशे मिळवायचे.

आता त्या परत आल्यात, पण डॉक्टरांनी त्यांची आशा सोडलीय. परवा परळला त्यांच्या घरी गेले. उंबऱ्यात थांबून विचारलं, "येऊ का आत?" पेपर पसरून पेजेच्या डब्याची पिशवी ठेवली, हात धुतले. बाई पडल्या पडल्या बघत होत्या.

निघताना पेपराची घडी घातली, तर क्षीण आवाज आला, "अहं. लादीची बाजू आत."

मी घडी मोडून पुन्हा घातली. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

इतकी वर्षं नक्कल केली, पण घडी मी कधी नीट पाहिलीच नव्हती.