पाय धुण्याचा कार्यक्रम

"आधी त्यांना नळावर पाय धुऊन यायला सांगा. मग मी धुतो."

अमेरिकेहून आलेले साहेब हे इंग्रजीत म्हणाले. स्टेजच्या पडद्याआड, हळू आवाजात. मला नाही, मॅडमना. मॅडम म्हणजे आमच्या चर्चच्या सेक्रेटरींची बायको. त्या हसल्या. "कार्बॉलिक साबण ठेवलाय मी नळावर. काळजी नको." तेवढ्यात त्यांना मी दिसले. टॉवेलांची चळत घेऊन तिथेच उभी होते. त्या जराही ओशाळल्या नाहीत. मराठीत म्हणाल्या, "बरं झालं. तूच सांग त्यांना. तू त्यांच्यातलीच, तुझ्याकडून त्यांना वाईट वाटणार नाही."

"त्यांना" म्हणजे खेड्यापाड्यांतून आलेले पाळक आणि प्रचारक. त्यांत माझे वडील होते.

सत्तर साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नागपुरात कॉलेजात होते, मिशनच्या होस्टेलवर राहत होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, तीही मिशनचीच. मी फार बोलत नसे. पण दुसऱ्याचं बोलणं इकडून तिकडे नेता येत असे, म्हणून थंडीत अमेरिकेहून पाहुणे आले की मला बोलावणं यायचं. पाहुणे पंधरा दिवसांसाठी यायचे. सकाळी पाळकांना शिकवायचे, दुपारी तरुणांना. मी साहेबांच्या एक पाऊल मागे उभी राहायची. ते एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. मी ते मराठीत सांगायची.

मॅडम धरमपेठेत, शहरातल्या बड्या वस्तीत राहायच्या. त्यांच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतलेला. तरीही आपण मूळचे कोण, हे त्या चहा संपायच्या आत पाहुण्यांना सांगायच्या. माझे आजोबा मूळचे कोण, हे मला कोणी विचारत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं. कन्हान नदीपलीकडच्या गावात ते मेलेली ढोरं ओढायचे. एकदा मॅडम माझी हनुवटी धरून पाहुण्यांना म्हणाल्या होत्या, "किती स्वच्छ इंग्रजी बोलते पाहा. ह्या लोकांतली वाटतच नाही." पाहुणे माझ्याकडे पाहून कौतुकाने हसले. मीही हसले. त्या हसण्याची चव अजून तोंडात आहे. कडू.

दुपारचे वर्ग तर विचारू नका. साहेबांना साक्षी हव्या असत. आधी तुम्ही कोणत्या अंधारात होता, ते सांगा. आमची पोरं तर जन्मापासून ख्रिस्ती. एकदा त्यांनी एका मुलाला उभं केलं. "प्रभू भेटण्यापूर्वी तुला कशाची भीती वाटायची?"

"गणिताच्या पेपरची," तो म्हणाला.

मी तसंच सांगितलं. साहेबांनी मान हलवली. "नाही, नाही. त्याच्या आधी."

"त्याच्या आधी इंग्रजीच्या पेपरची."

मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, भुताले भ्यायचो म्हण ना! साहेब खूश होईल!" सगळा वर्ग खिदळला. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू खरं उत्तर मीच कुठेतरी लपवून ठेवलंय. त्यांना आमची भुतं हवी होती. ती घरी नेऊन दाखवायची होती.

शेवटच्या दिवशी पाय धुण्याचा कार्यक्रम. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे साहेब आमच्या पाळक-प्रचारकांचे धुणार. फोटो निघणार होते. ते तिकडच्या चर्चमध्ये दाखवायचे होते.

मी नळापाशी गेले. सगळे ऊन खात उभे होते. मी मान खाली घालून म्हणाले, "पाय धुऊन घ्यायला सांगितलंय. साबण आहे."

एक म्हातारे पाळक म्हणाले, "धुतलेले पाय धुणार होय? मग साहेब काय धुणार वं?"

"चूप बसा गा," दुसरे म्हणाले. "पाहुणे हायेत."

पहिल्यांदा पायजमा वर केला तो माझ्या बाबांनी. दगडावर बसून ते टाचा घासायला लागले. सायकलवर गावं फिरून त्यांच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यांत मातीची काळी रेघ. ती काही केल्या निघेना. त्यांनी फरशीचा तुकडा घेतला आणि खसाखसा घासलं. कार्बॉलिकचा वास सगळीकडे. दवाखान्याचा वास.

"बाबा, राहू द्या."

"काहून?" ते वर न बघता म्हणाले. "तू काहून तोंड पाडून राहिली? दोन मिन्टाचं काम हाय. सेक्रेटरी साहेबानं म्हटलं, ह्या खेपेले माझं नाव दीक्षेले धाडतो. तू काही गडबड करू नको वं माय."

बाबा आयुष्यभर प्रचारकच राहिले होते. उपदेश करायचे, आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, मेलेल्याला खांदा द्यायचे. पण बाप्तिस्मा देता येत नसे, प्रभुभोजनाची भाकर देता येत नसे. त्याला दीक्षा लागते. ती द्यायची की नाही, ते सेक्रेटरी आणि त्यांची कमिटी ठरवायची. एवढ्यासाठी ते आपली टाच फरशीने घासत होते.

आताच सांगून टाकते. ती दीक्षा त्यांना मिळाली नाही. त्या वर्षी नाही, पुढेही कधी नाही. पुढचं वाचून कोणी सुखावू नये, म्हणून सांगते.

हॉल भरलेला होता. स्टेजवर खुर्च्यांची रांग. साहेबांच्या गुडघ्याखाली उशी. थर्मासमधलं कोमट पाणी. मी माईक घेऊन त्यांच्या मागे. एकेक जण पाय घमेल्यात ठेवत होता. म्हातारे पाळक डोळे मिटून बसले होते, दात उपटून घ्यायला आल्यासारखे.

मी साहेबांचे हात पाहत होते. ते तांब्यातून पाणी ओतायचे. वरून. बरंच वरून. मग पायावर टॉवेल टाकायचे आणि टॉवेलवरूनच दाबायचे. टॉवेल उचलून बाजूला. पुढचा. एकाच्याही कातडीला त्यांचं बोट लागलं नाही.

वरून पाणी ओतणं मला घरातूनच ठाऊक होतं. पाटलाच्या दारात आजोबा ओंजळ करून उकिडवे बसायचे आणि आतली बाई वरून पाणी सोडायची, हे बाबांनीच मला सांगितलं होतं. ते सुटावं म्हणून आजोबा ख्रिस्ती झाले. आणि आता समुद्रापलीकडून एक माणूस आला होता. गुडघ्यांवर बसला होता, प्रभूचं नाव घेत होता, आणि वरून पाणी सोडत होता.

बाबांची पाळी आली. पाणी पडलं. टॉवेल पडला. फोटो काढणाऱ्या मुलाने बटण दाबलं, पण फ्लॅश पेटला नाही.

"पुन्हा," साहेब म्हणाले. बाबांनी पाय बाहेर काढला होता. "त्यांना सांग, पाय परत घाला. माझ्याकडे पाहा. आणि जरा भारावलेले दिसा म्हणावं. डोळ्यांत पाणी आलं तर उत्तमच."

मी सांगितलं नाही.

साहेबांना वाटलं, मला ऐकू आलं नाही. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. पहिल्या रांगेतून मॅडमनी डोळे वटारले. बाबा माझ्याकडे पाहत होते. साहेब काय म्हणाले ते त्यांना कळलं नव्हतं, पण काय हवंय ते बरोबर कळलं होतं. त्यांचा पाय घमेल्याकडे निघालाच होता.

"बाबा, पाय घालू नका," मी माईकवर म्हणाले. "चपला घाला."

"चूप वं," ते पुटपुटले. "लोक पाहून राहिले."

"पाहू द्या."

साहेब अजून गुडघ्यांवरच होते, अजून हसत होते. "काय म्हणताहेत ते?" त्यांनी मला विचारलं. "भारावले आहेत का?"

आजवर त्या माईकवर मी माझं असं एकही वाक्य बोलले नव्हते. आता आवाज माझाच निघाला, मोठा. आधी इंग्रजीत बोलले, मग सगळ्यांना कळावं म्हणून तेच मराठीत.

"ते काही बोललेले नाहीत. मी बोलतेय. आजपासून तुमचा एकही शब्द माझ्या तोंडून ह्या लोकांपर्यंत जाणार नाही. माझ्या बापाच्या पायाला हात लावायची तुम्हाला किळस येते. मग त्याच्यापुढे गुडघे टेकू नका. उठा."