डावीकडची हवा

अकोल्याच्या हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी घरी देवासमोर दिवा लावत होते. आदल्या संध्याकाळपर्यंत मी तिथेच होते. मुग्धा, आमची एकुलती एक मुलगी, पुण्याहून आली आणि तिने मला जबरदस्तीने खामगावला पाठवलं, "जरा पाठ टेक, सकाळी ये" म्हणून. सकाळी फोन तिचाच आला. "आई..." एवढंच म्हणाली. मला कळलं, हे गेले. त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं कमी झाली, शेजारचे डबे थांबले, आणि एक गोष्ट मला सारखी टोचत राहिली. माझ्या नवऱ्याने, म्हणजे अख्खं खामगाव ज्यांना वकीलसाहेब म्हणायचं त्यांनी, माझ्याशी शेवटचं बोलणं केलं ते गाडीबद्दल. नाकाला नळी, आणि विचारतात काय, "गाडी सावलीत आहे ना वं? उन्हानं टायरचं रबर खराब होते." मी चिडले. म्हटलं, "मी जेवले की नाही ते विचारा आधी." ते नुसते हसले, आणि मी फणफणत घरी आले.

ती गाडी म्हणजे माझी सवत. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणायची, त्यामुळे माणूस गेल्यावर मागे बोलते असं कुणी समजू नये. साठी उलटली, कोर्टाची कामं कमी केली, आणि या माणसाने नागपूरहून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. हिरवी, बुटकी, छप्पर उघडणारी, दोनच सीटची. गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अवं बाई, पाहुणे आले त काय डिक्कीत बसवता?" वकीलसाहेबांनी कोर्टात बोलावं तसं उत्तर दिलं, "पाहुण्यांसाठी एसटी आहे. ही आमच्या दोघांसाठी आहे." दोघांसाठी! मी शाळेत शिकवायची तेव्हा जिन्यावरून घसरले होते, तेव्हापासून माझ्या मणक्यातली गादी सरकलेली. रिक्षातसुद्धा मी उशी घेऊन बसायची. त्या गाडीत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर मांडी घालायची आणि उठताना कुणीतरी हात धरून ओढायचं. मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं, हौस तुमची आहे, मला त्यात गोवू नका.

तरी पहिल्याच मोठ्या फेरीला मला घेऊन निघाले, देऊळगाव राजाला, बालाजीच्या दर्शनाला. गाडीला तेव्हा रुंद, बसकी टायरं होती. रिमच्या कडेला रबराची जेमतेम बोटभर पट्टी. स्पोर्ट्स कारला अशीच टायरं शोभतात, वळणावर गाडी रस्ता घट्ट धरते, असं ते मला समजावत होते. वळण येईल तेव्हा येईल, खड्डे तर घरापासूनच सुरू झाले होते. एकेक खडा थेट माझ्या मणक्यात येत होता. चिखलीपर्यंत मी दात आवळून बसले. स्टँडपाशी म्हटलं, "थांबवा." उतरले, आणि समोर लागलेल्या खामगावच्या एसटीत जाऊन बसले. बालाजीला मनातल्या मनात हात जोडले. थोड्या वेळाने कंडक्टर जवळ आला. "मावशी, ते मांगची हिरवी गाडी तुमच्या ओळखीची आहे काय? चिखलीपासून मांगं मांगं येऊन राह्यली. साईड देतो त फुडंही जात नाही." मी मान वळवून पाहिलं. छप्पर उघडं, डोक्यावर टोपी, एसटीची सगळी धूळ खात वकीलसाहेब मागून येत होते. बसमधल्या बाया हसायला लागल्या. मला संताप आला होता, आणि खरं सांगते, हसूही येत होतं. घरी आल्यावर मात्र दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

त्यानंतर त्यांनी टायरचा अभ्यास सुरू केला. पूर्वी खटल्याचे कागद पसरायचे, तसे टेबलावर टायरचे कागद पसरले. रबर मऊ घ्यावं की कडक? मऊ रबर रस्त्याला चिकटून राहतं, पण आमच्याकडच्या मे महिन्यात लवकर झिजतं. कडक रबर टिकतं, पण ओल्या रस्त्यावर दगा देतं. रुंदी किती, कडेची उंची किती... जेवताना तेच, दात घासतानाही तेच. शेवटी त्यांनी चक्क लहान रिम बसवली आणि तिच्यावर उंच, गुबगुबीत कडांची टायरं. गाडीचं रूपच गेलं. पुण्या-मुंबईकडचे त्यांचे गाडीवेडे मित्र होते. त्यांच्या फोनवरच्या ग्रुपात फोटो टाकला, तर एकाने लिहिलं, "वकीलसाहेब, आता मागे नांगरही जोडा." एरवी मुद्दा सोडणारा माणूस नव्हे हा, समोरच्याला घाम फोडल्याशिवाय खाली बसायचा नाही. पण त्या दिवशी एवढंच म्हणाले, "रस्ता पाहून टायर घ्यावं." खड्ड्यांत रिम वाकतात म्हणून बदलली असतील, असं मी समजले. हळूहळू मला त्या गाडीत बसणं जमू लागलं. त्याचं श्रेय मी माझ्या कमरेच्या व्यायामाला दिलं.

आणि हवा! हवेचं वेड तर टायरच्या वेडाहून मोठं. सकाळी चहाच्या आधी, अंगणात ऊन यायच्या आत, हे हवेचा मीटर घेऊन चाकाशी उकिडवे. मीटर स्वतःचा, पेट्रोल पंपावरच्या मीटरवर यांचा काडीचा विश्वास नाही. "हवा थंड टायरातच मोजायची. गाडी पळाली की टायर तापते, हवा फुगते, आकडा वर जाते. मग लोक घाबरून हवा काढून टाकतात. येडे कुठले!" लग्नाला गेलो तरी यांचं लक्ष मांडवाबाहेरच्या गाड्यांकडे. एकदा हिवरा आश्रमाकडे एका लग्नात नवरदेवाची गाडी फुलांनी सजून उभी होती, आणि हे वरबापाला बाजूला घेऊन सांगत होते, "एका बाजूची हवा कमी आहे. दोन्हीकडे सारखी नसली त गाडी एकीकडे ओढते. नवरीले बसवायच्या आधी भरून आणा." तो बिचारा हातात नारळ घेऊन उभा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गाडी हवा भरून आली, मगच वरात हलली.

गेल्या आठवड्यात मुग्धाने विचारलं, "आई, गाडीचं काय करायचं?" मी म्हटलं, विकून टाक. अंगणातली ती दिसू नये म्हणून मी पुढचं दार लावून ठेवायची. एवढ्या वर्षांचा संसार, आणि जाताना त्यांच्या मनात ती होती, मी नव्हते... हे मला सोसत नव्हतं, आणि बोलणार तरी कुणाजवळ? अकोल्याचे एक गृहस्थ रविवारी गाडी बघायला येणार, असं ठरलं. त्याआधी मुग्धा एक चक्कर मारून आली आणि कपाळाला आठ्या घालून उतरली. "आई, गाडी डावीकडे ओढतेय. हात जरा सैल सोडला की चालली कडेला. बाबांनी असं कसं चालू दिलं?" मग आम्ही दोघी नांदुरा रोडवर रशीदभाईंच्या टायरच्या दुकानात गेलो. वकीलसाहेबांच्या गाडीला रशीदभाईंशिवाय दुसरं कुणी हात लावत नसे.

रशीदभाईंनी चारही चाकं पाहिली आणि हात पुसत उठले. "गाडीत काहीच खराबी नाही, भाभी. डावीकडची हवा कमी आहे. साहेबच तशी ठेवाले लावत."

"बाबा?" मुग्धा म्हणाली. "दोन्हीकडे सारखी हवा, दोन्हीकडे सारखी हवा, म्हणून ज्यांनी माझं डोकं खाल्लं, ते बाबा?"

"मीबी तेच म्हटलं, बेटा. साहेब, गाडी ओढते, टायर कडेनं झिजते. त म्हणे, झिजू दे. तिकडं तुही भाभी बसते. हवा कमी असली की तिच्या कमरेले हिसका कमी लागते. टायरंबी त्याच्याचसाठी बदलले ना! मले म्हणे, तिले सांगू नको."

 माझा स्वभाव आडवा आलाच. "मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं त तुम्ही बसल्या असत्या काय, भाभी?"

नसते बसले. म्हटलं असतं, माझ्यापायी गाडी वाकडी चालवू नका, मी एसटीने येते. पुरतं ओळखून होते मला. मित्रांचे टोमणे ऐकून घेतले, स्वतःचा नियम स्वतःच मोडला, आणि माझ्यासमोर चकार शब्द नाही. दुकानाच्या बाकावर बसून मी रडले, ते गेल्यापासून रडले नव्हते तशी. रडतानाही म्हणत होते, येडा माणूस, येडा माणूस. रशीदभाईंनी पाणी आणून दिलं आणि जरा वेळाने हळूच विचारलं, आता सारखी भरून देऊ काय? मी डोळे पुसले. गाडी मुग्धा चालवणार होती, ओढणारी गाडी तिच्या हाती कशाला? मी म्हटलं, "भरा सारखी. मी रिक्षानं जाते." मुग्धाने माझ्या हातातला ग्लास काढून घेतला. "राहू द्या, काका. आई गाडीतच बसणार आहे."

बसले. मुग्धा बेताने चालवत होती, आणि सरळ घरी न येता आम्ही नांदुऱ्याच्या बाजूला बरंच दूर जाऊन आलो. ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून होती. मध्येच एकदा गाडी बाजूला घेऊन तिने अकोल्याच्या गृहस्थांना फोन केला, येऊ नका म्हणून. मी नको म्हटलं नाही.

संध्याकाळी मुग्धा खांदा दाबत बसली होती. "काय झालं गं?" मी विचारलं. "काही नाही. स्टिअरिंग सारखं उजवीकडे धरून ठेवावं लागतं ना..." मी तेल कोमट करायला ठेवलं आणि गॅसपाशी तशीच थांबले. त्यांचाही खांदा दुखायचा. आम्ही फिरून आलो की शर्ट काढून माझ्या पुढ्यात बसायचे, आणि मी तेल चोळता चोळता म्हणायची, वय झालं आता, सोडा ती गाडी. ते डोळे मिटून म्हणायचे, "चोळ वं, बरं वाटते." कशाने दुखतो ते सांगितलं नाही कधी. मी वाटी घेऊन मुग्धाच्या मागे बसले आणि कुठे दुखतं ते न विचारताच चोळायला लागले.