तुसडी

‘तुसडी’ हे नाव आत्याने ठेवलं आणि ते असं चिकटलं, की सोळाव्या वर्षापर्यंत खऱ्या नावाने हाक मारणारं घरात कोणी उरलं नाही. तिला त्याचं काही वाटत नसे. जी बाई एकच मालिका सकाळी आणि संध्याकाळी पाहते आणि दोन्ही वेळा रडते, तिचं काय मनावर घ्यायचं?

शाळेत ‘माझे आदर्श शिक्षक’ यावर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा तिने पान कोरं ठेवून खाली एवढंच लिहिलं: ‘शोध चालू आहे.’ मुख्याध्यापिकांनी बाबांना बोलावून घेतलं. ते पान वाचून जिने हसत हसत बाक बडवला होता, ती तिची एकुलती एक मैत्रीण तिथे म्हणाली, “मी तर हिला समजावत होते, बाई.” तुसडीने तिच्यावर तिथल्या तिथे फुली मारली. पण खरी शिसारी आली ती बाबांची. ते हात जोडून हसत होते. पोरीला महिनाभर घरी बसवायचं ठरलं, तरी हसतच होते.

बाबा कवळ्या बनवायचे. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवत; बाबा तळमजल्यावरच्या खोलीत त्यात प्लास्टर ओतून साचा काढत आणि त्यावर दात बसवत. आता घरीच आहे म्हणून त्यांनी तिला साचे घासायला बसवलं. दिवसभर नाकातोंडात पांढरी भुकटी, आणि फोन वाजला की बाबांचं ‘हो साहेब, झालंच साहेब’. पाठीचा कणाही प्लास्टरचाच दिसतोय, असं तिच्या मनात यायचं.

एका दुपारी एक डॉक्टर तणतणत आले आणि त्यांनी कवळी टेबलावर आपटली.

“तिसऱ्यांदा बसत नाहीये ही! डोळे मिटून काम करता का?”

“चुकलं साहेब,” बाबा हसले. “नवा ठसा पाठवा, दोन दिवसांत देतो.”

तुसडी उठली. खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्या तिने चाळल्या आणि एक काढून मोठ्याने वाचली. “‘ठसा हललेला आहे, कृपया पुन्हा घ्यावा.’ हे बाबांचं अक्षर. आणि खाली तुमचं: ‘आहे तसंच करा.’ डोळे कोणाचे मिटले होते, डॉक्टर?”

डॉक्टरांचा चेहरा पडला. यापुढे तुमच्याकडे एकही काम येणार नाही, असं सांगून ते गेले. ती बाबांकडे वळली. शाबासकी नको, निदान मान तरी ताठ होईल, असं तिला वाटलं होतं.

बाबा हसत नव्हते.

“ती चिठ्ठी मी लिहिली, तर मला वाचता येत नाही असं वाटलं तुला? ज्याची ही कवळी, तो म्हातारा तीन आठवडे दातांशिवाय आहे. मला ठसा घेता येत नाही, तो डॉक्टरनेच घ्यायचा असतो. आत्ता मिळाला असता. तू जिंकलीस, आणि तो बसला पेज पीत.”

तिने चिठ्ठी पुन्हा खिळ्याला टोचली.

“दुसऱ्या एका डॉक्टरबाईंशी मी बोलतो,” बाबा म्हणाले. “म्हाताऱ्याला तू घेऊन ये. तोडलंस तू, जोडही तूच.”

म्हातारा पूर्वी स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायचा. दात गेल्यापासून त्याने बोलणंच सोडलं होतं. आवाज फुसफुसतो म्हणून. ती त्याच्या दारात उभी राहिली, तेव्हा त्याने पाटीवर लिहिलं, ‘सगळे चोर. निघ.’

“सगळे नाहीत,” ती म्हणाली. “काही गाढवही आहेत. त्यातलीच एक मी.” आणि तिने घडलेलं सगळं सांगितलं, स्वतःची बाजू न सावरता. म्हाताऱ्याने पाटी पुसली आणि तो चपला शोधायला लागला.

चौथ्या दिवशी डॉक्टरबाईंनी कवळी बसवली. म्हाताऱ्याने जीभ फिरवली, दोनदा चावून पाहिलं, आणि भारदस्त, स्पष्ट आवाजात पहिल्या डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बाहेर बसलेले पेशंट दचकून उभे राहिले. बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हे हसणं तुसडीने आजवर ऐकलं नव्हतं.

तुसडी सुधारली वगैरे काही नाही. मैत्रीण दोनदा बोलायला आली. तिने ऐकून घेतलं, इतकंच. पण शाळा सुटली की ती तळमजल्यावर येते, कवळीचं मेण तासते, वरखालच्या दातांचा चावा जुळतो का ते बाबांना विचारते. कुठल्याही डॉक्टरांचा फोन आला, की बाबा तिला काहीतरी आणायला पिटाळतात, आणि मगच उचलतात.