कार्ड चंचीतच होतं

वनमालाताई आमच्या गाडीच्या कंडक्टर आणि मी महारुद्र, ड्रायव्हर. बालाघाट सहकारी प्रवासी सेवेच्या मुरुम-तुळजापूर गाडीवर आम्ही दोघांनी नऊ वर्षं काढली. माझं डोकं तापट आहे हे मुरुमच्या म्हशींनासुद्धा ठाऊक आहे. हॉर्न वाजवायच्या आधीच त्या बाजूला होतात. ताईंचं उलट. तुळजापूरच्या मास्तरांची लेक. आवाज कधी चढायचा नाही, पण गाडीत बिडी पेटवणाऱ्याकडं त्यांनी नुसतं बघितलं तरी तो ती विझवून खिशात टाकायचा.

तीन वर्षांपूर्वी संस्थेनं सवलतीची स्मार्ट कार्डं काढली. मशीनला कार्ड नुसतं जवळ नेलं की टुक वाजायचं, हिरवा दिवा लागायचा, काम झालं. साहेब लोकांना लई कौतुक. आमच्या प्रवाशांचं मात्र वेगळंच सुरू झालं. जळकोटच्या कस्तुराबाई नळदुर्गच्या बाजाराला भाजी घेऊन जातात. त्यांनी कार्डाला हळदकुंकू लावून ते देवघरात ठेवलं आणि दर फेरीला घरीच विसरू लागल्या. शेवटी एकदा वैतागून त्यांनी ते ताईंच्या हातात कोंबलं.

"ताई, तुमीच ठिवा ह्ये. माझ्यापाशी ऱ्हायलं तर मला न्हाय सापडायचं."

एकीनं ठेवलं म्हटल्यावर दुसरीनं ठेवलं, मग गाडीनं शाळेला जाणाऱ्या मास्तरांनी, मग शाळेच्या पोरींनी. ताईंनी घरी बसून एक मोठी चंची शिवली. पानसुपारीची असते तशीच, पण गावागणिक कप्पे. माणसाचा एक पाय पायरीवर पडायचा, तोवर त्याचं कार्ड मशीनला लागून परत कप्प्यात गेलेलं असायचं. कार्ड ज्याचं त्यानंच जवळ ठेवावं असा नियम होता, पण गाडी वेळेत पोचत होती म्हणून मीही खूश. चंची माझ्या सीटमागच्या दांडीला अडकवा, हे मीच सुचवलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत नोटीस आली. तेवीस कार्डं दोन-दोन ठिकाणी वापरलेली सापडली होती. रविवारी सकाळी दहाला कस्तुराबाईंचं कार्ड आमच्या गाडीत जळकोटला लागलं होतं, आणि त्याच सकाळी तिकडं शंभरावर किलोमीटर लांब, सोनारीच्या भैरवनाथाला जाणाऱ्या संस्थेच्या गाडीतही लागलं होतं. तेवीसच्या तेवीस कार्डं आमच्या चंचीतली.

चौकशीला कृष्णराज साहेब होते. तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड.

"बाई, या कार्डाची नक्कल होत नाही. तसं कंपनीचं लेखी पत्र आहे आपल्याकडं. म्हणजे कार्डं कोणीतरी भाड्यानं फिरवली. मशीनची घड्याळं मागंपुढं असतात, तेव्हा वेळेचं कारण मला सांगू नका."

"साहेब, कार्ड चंचीतच होतं."

"मग सोनारीला कसं गेलं? चालत?"

पुढच्या सोमवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी करू आणि पोलिसांतही देऊ, असं साहेबांनी सांगितलं. परतीच्या वाटेवर ताई तिकिटं देत होत्या, पण प्रत्येकाच्या तोंडाकडं निरखून बघत होत्या. नऊ वर्षांत मी त्यांना असं बघताना पाहिलं नव्हतं.

त्यांची भाची अस्मिता मुरुमला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवते. ताईंनी तिच्यापुढं स्वतःचं कार्ड ठेवलं आणि विचारलं, हे हलवल्याशिवाय चोरता येतं का? पोरीनं दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी आम्हा दोघांना दुकानात बसवून तिनं सांगितलं, "मावशी, ही लई जुनी जात हाय कार्डाची. सगळ्या गावाला एकच कुलूप लावलंय, आणि त्याची किल्ली बाजारात मिळती. फोन कार्डाच्या जवळ नेला की आतलं सगळं फोनमधी येतं. मग ते कोऱ्या कार्डावर उतरवायचं. मशीनला फरक कळत न्हाय."

"कापडातून?" ताईंनी विचारलं.

"कापडाला काय घाबरतंय ते?"

ते ऐकलं आणि मला एक माणूस आठवला. दिवाळीपासून जळकोटला चढायचा. गाडीत जागा रिकामी असली तरी माझ्या सीटमागची दांडी धरून उभा राहायचा, हातात फोन. मी आरशात त्याला रोज बघत होतो. धरून उभा आहे बिचारा, असंच मला वाटलं. महिनाभरापासून तो दिसत नव्हता आणि त्याचं नाव-गाव कोणालाच माहीत नव्हतं.

आता साहेबांना पटवायचं कसं? तोंडी सांगून ते कंपनीच्या पत्रापुढं टिकणार नव्हतं. त्यांच्यासमोर नक्कल करूनच दाखवायला हवी होती, म्हणजे हा सूर्य हा जयद्रथ. पण करणार कोण? बाहेरच्या माणसाला चौकशीत बसू देत नाहीत, त्यामुळं अस्मिता बाद. नक्कल करायची कशी ते तिनं आम्हा दोघांनाही शिकवलं. आत फक्त आम्ही दोघं जाणार होतो, त्या आरोपी म्हणून आणि मी साक्षीदार म्हणून.

रविवारी संध्याकाळी गाडी लावून झाल्यावर ताई माझ्याजवळ आल्या.

"अण्णा, उद्या तुमी करून दाखवा. मी केलं तर म्हणतील, हिलाच येतंय, म्हणजे हिनंच केलं. ज्यानं चंचीला कधी हात लावला न्हाय अशा माणसानं केलं, तरच ते कुणालाबी येतंय हे कळंल."

बरोबर होतं. अगदी बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. साहेबाच्या समोर चोरीची करामत केली तर माझी नोकरी जाणार, नाही केली तर ताईंची; इकडं आड तिकडं विहीर.

"ह्ये लफडं माझ्या गळ्यात कशाला बांधताव?" मी ओरडलो. "कार्डं तुमी ठिवली, तुमीच निस्तरा!"

गॅरेजमधली दोन माणसं वळून बघायला लागली. ताईंनी पर्स खांद्याला लावली.

"बरं," म्हणाल्या. परत त्यांनी तो विषय काढला नाही.

सोमवारी अकराला आम्ही तुळजापूरच्या ऑफिसात बसलो. टेबलावर पुरावा म्हणून आमच्याच गाडीचं मशीन ठेवलं होतं. साहेबांचा स्वतःचा पास गळ्यातून काढून फाइलीवर पडला होता, तोही त्याच जातीचा. ताईंनी फोन काढला.

"साहेब, चंचीचा फोटो आणलाय. बघता का?" असं म्हणून त्यांनी फोन फाइलीवर, नेमका पासावर ठेवला. साहेब वाकून बोटानं फोटो मोठा करून बघू लागले. मला सगळं माहीत होतं. अजूनही उठून म्हणता आलं असतं, "ताई, द्या इकडं, मी दाखवतो." फोन त्यांनी परत घेतला, पर्समधून एक कोरं पांढरं कार्ड काढलं, फोनला टेकवलं. साहेब नोटीस वाचत होते. मी खुर्चीतच बसून राहिलो.

ताई उठल्या आणि त्यांनी ते पांढरं कार्ड मशीनजवळ नेलं. टुक. हिरवा दिवा. मशीनवर अक्षरं आली, ती त्यांनी मोठ्यानं वाचली.

"कृष्णराज, चौकशी अधिकारी. मोफत प्रवास."

साहेबांचा हात झटकन पासावर गेला. पास जागेवर होता.

"तुमचा पास हलला का, साहेब?"

"नाही."

"कस्तुराबाईंचं कार्डबी हललं न्हाय."

कोपऱ्यात लिहून घेणाऱ्या क्लार्कला हसू आलं. मला वाटलं, जिंकल्या. साहेबांनी ते पांढरं कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं केलं, दोनदा मशीनला लावून बघितलं. दोन्ही वेळा त्यांचंच नाव आलं. मग त्यांनी पेन उघडलं.

"म्हणजे नक्कल होते."

"व्हय, साहेब."

"आणि तुम्हाला ती करता येते."

"शिकले. दाखवायला."

"कधी शिकलात याचा काही पुरावा?"

हा प्रश्न येणार हे ताईंना आदल्या दिवशीच माहीत होतं, आणि भाचीची साक्ष घरचीच धरली गेली असती. साहेब माझ्याकडं वळले.

"ड्रायव्हर, या हे करणार होत्या, तुम्हाला माहीत होतं? कुठं शिकल्या, कधी शिकल्या?"

अस्मिताच्या दुकानातला दिवस, आरशात दिसलेला माणूस, सगळं माझ्या जिभेवर होतं. एवढं बोललो असतो तरी पुष्कळ होतं.

"न्हाय, साहेब," मी म्हणालो. "मला काय म्हाईत न्हाय."

ताईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"खरं हाय त्यांचं," त्या साहेबांना म्हणाल्या. "त्यांना यातलं काईच म्हाईत न्हाय."

सहा आठवड्यांनी संस्थेनं नवी, वेगळ्या जातीची कार्डं वाटली. जुनी कुठल्या कारणानं बदलली ते कोणी कुठं लिहिलं नाही. ताईंना कामावरून काढलं. हुकमात एवढंच होतं की कंडक्टरनं अधिकाऱ्यांसमक्ष कार्डाची नक्कल करून दाखवली. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. मला लाज वाटते, रोज वाटते, आणि रोज मी सहाला गाडी काढतो.

परवा जळकोटला कस्तुराबाई टोपली घेऊन चढल्या. नवीन कंडक्टरला त्यांनी कार्ड दाखवलं आणि सरळ माझ्या सीटपाशी आल्या.

"अण्णा, लोक काईबाई बोलत्यात. तुमी तर तिथंच बसला हुता. खरं सांगा, ताईनं केलं का वो आसं?"

गाडीतली चार माणसं ऐकत होती. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला.

"मला काय म्हाईत न्हाय, आजी," मी म्हणालो. "बसा, गाडी सुटली."